रॅकचे आयपी बदलायचेत? मग आधी क्लस्टरला सांगा

मागच्या महिन्यात या पानावर सर्व्हर रूम हलवताना केबलना लेबल लावा एवढंच लिहिलं होतं, तर त्यावर केबल सोडून आयपीबद्दलच प्रश्न आले, आणि ते पण बहुतेक सगळे क्लस्टरवाल्यांचे. म्हणून या वेळचं अख्खं पान त्यालाच देतोय. रॅक म्हणजे इथं लोखंडी रॅक नाही, ऑरॅकलचा आरएसी, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणाऱ्या सर्व्हरचा क्लस्टर, त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. कमांड देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या. ऑरॅकलबद्दल जे लिहिलंय ते ११जी रिलीज २ आणि त्याच्या पुढच्या व्हर्जनसाठी आहे. त्याच्या आधीचं काही अजून कुणाकडे चालू असेल तर हात लावण्याआधी वेगळा मेल टाका, तिथं गोष्टी वेगळ्या आहेत.

प्रश्न: नमस्कार. आमची पतसंस्था कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. २०१९ ला पुराचं पाणी आलं, २०२१ ला परत आलं, दोन्ही वेळेला पोरांनी सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेले. आता संचालक मंडळानं कायमचं ठरवलंय की सर्व्हर रूम उंचावरच्या दुसऱ्या इमारतीत न्यायची. दोन नोडचा ऑरॅकल रॅक आहे, तिकडचं नेटवर्क वेगळं असल्यानं सगळेच आयपी बदलणार. व्हेंडर म्हणतो मशीन तिकडं नेऊ, ओएसमध्ये आयपी बदलू, चालू करू, तासाभराचं काम. खरंच एवढं सोपं आहे का?
(सिस्टीम अ‍ॅडमिन, शाहूपुरी)

उत्तर: नाही साहेब, आणि व्हेंडरला हे पान दाखवा. एकटा सुटा सर्व्हर असता तर त्याचं म्हणणं जवळपास बरोबर होतं, होस्ट्स फाइल आणि लिसनरची (क्लायंटची कनेक्शन ऐकणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल बदलली की विषय संपला असता. रॅकमध्ये आयपी नुसता नेटवर्क कार्डावर नसतो. कुठल्या कार्डावर कुठला सबनेट, त्यातला पब्लिक (क्लायंट येतात तो) कुठला आणि प्रायव्हेट (नोड आपसात बोलतात तो) कुठला, हे क्लस्टरवेअरनं, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, स्वतःकडे लिहून ठेवलेलं असतं. एक ओसीआरमध्ये (क्लस्टरची नोंदवही) आणि दुसरं प्रत्येक नोडच्या लोकल डिस्कवर, जीपीएनपी प्रोफाइल म्हणून एक एक्सएमएल फाइल असते तिच्यात. दोन ठिकाणी का, तर ओसीआर असतो एएसएमच्या (ऑरॅकलचं डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिस्कवर, तिथपर्यंत पोचायला आधी सीएसएस (कुठले नोड जिवंत आहेत ते बघणारा भाग) उठायला लागतो, आणि सीएसएसला उठायला प्रायव्हेट नेटवर्क लागतं. म्हणजे प्रायव्हेट नेटवर्क कुठलं हे ओसीआर उघडायच्या आधीच माहीत पाहिजे, म्हणून ते लोकल फाइलमध्ये. आता तुमच्या व्हेंडरनं ओएसमध्ये आयपी बदलून मशीन चालू केलं तर क्लस्टर फाइलमध्ये जुना सबनेट वाचणार, कार्डावर तो सापडणार नाही, आणि तिथंच बसून राहणार. आणि ती फाइल बदलायची तर क्लस्टर चालू पाहिजे, जो उठतच नाहीये. हा फास आधीच टाळायचा असतो.

आधी कागदावर या. दोन नोडला पब्लिक आयपी दोन, व्हीआयपी (नोड मेला की दुसऱ्या नोडवर जाणारा पत्ता) दोन, स्कॅनचे (अख्ख्या क्लस्टरचं एकच नाव, क्लायंट आधी तिथं येतो) तीन, असे सात पत्ते एकाच सबनेटमध्ये लागतात. प्रायव्हेटचे दोन वेगळ्या सबनेटमध्ये, आणि ते शक्यतो वेगळ्या स्विचवर, निदान वेगळ्या व्हीलॅनवर तरी, तिथं राउटर नको आणि ऑफिसचं ट्रॅफिक पण नको. नव्या इमारतीतल्या नेटवर्कवाल्याकडून हे पत्ते लेखी घ्या आणि घेतल्यावर प्रत्येकाला पिंग करून बघा, कुणीही उत्तर देता कामा नये. हसू नका, सीसीटीव्हीचा डीव्हीआर नाहीतर हजेरीचं अंगठ्याचं मशीन कुणीतरी हातानं आयपी देऊन कुठंतरी लावलेलं असतंच आणि ते नेमकं तुमच्या व्हीआयपीवर बसलेलं असतं.

डीएनएसमध्ये स्कॅनच्या नावाचा टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशीच कमी करून ठेवा, पाच मिनिटं केलात तरी चालेल, नाहीतर तुम्ही रात्री दोनला काम संपवणार आणि शाखांमधले पीसी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसणार.

मग कामाच्या रात्री, मशीन अजून शाहूपुरीतच आहेत आणि दोन्ही नोडवर क्लस्टर चालू आहे, तेव्हाच निम्मं काम करायचं. रूटनं ओसीआरकॉन्फिग मॅन्युअलबॅकअप घ्या. दोन्ही नोडवर ग्रिड होममधली प्रोफाइल डॉट एक्सएमएल कॉपी करून बाजूला ठेवा. ओआयएफसीएफजी गेटइफ, एसआरव्हीसीटीएल कॉन्फिग नोडअ‍ॅप्स, कॉन्फिग स्कॅन, या तिन्हीचं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि एक प्रिंट पण काढा, कारण ज्या सर्व्हरवर ती फाइल ठेवलीय तोच उठला नाही तर काय वाचणार. मग ग्रिडच्या युजरनं ओआयएफसीएफजी सेटइफ, त्यात ग्लोबल, कार्डाचं नाव, नवा प्रायव्हेट सबनेट आणि पुढं कोलन देऊन क्लस्टर इंटरकनेक्ट (प्रायव्हेट नेटवर्कचंच दुसरं नाव). तो सबनेट अजून कार्डावर नसला तरी ग्लोबलनं घेतो. जुना काढायचा नाही अजून, आधी नवा घालायचा, दोन्ही एकदम दिसू देत. इथं बरेच जण एक घोळ करतात, सबनेटच्या जागी नोडचा आयपी घालतात. १९२.१६८.५०.११ नाही, १९२.१६८.५०.० पाहिजे, आणि मास्क चोवीसचा नसेल तर कॅलक्युलेटर काढून सबनेट नीट शोधा, कारण पंचवीसचा मास्क असला तर तो शून्याच्या जागी १२८ पण असू शकतो.

पब्लिकचं पण ओआयएफसीएफजीनंच, जुना डिलीट करून नवा सेट. तुमचं व्हर्जन १२सी किंवा वरचं असेल आणि फ्लेक्स एएसएम असेल तर प्रायव्हेटच्या ओळीत क्लस्टर इंटरकनेक्टच्या पुढं स्वल्पविराम देऊन एएसएम पण लिहायला लागतं. शिवाय एएसएमचा लिसनर जुन्या सबनेटला बांधलेला असतो, नव्या सबनेटवर नवा एएसएम लिसनर घालून जुना काढायचा, आणि हे सुद्धा क्लस्टर चालू असतानाच. हे विसरलं की बाकी सगळं बरोबर करून पण रात्र जाते.

यानंतर अजून एक बघायचं जे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. डेटाबेस आणि एएसएम दोन्हीच्या एसपीफाइलमध्ये (पॅरामीटरची फाइल) क्लस्टर इंटरकनेक्ट्स नावाचं पॅरामीटर कुणी भरून ठेवलंय का. साधारणपणे ते रिकामं असतं आणि रिकामंच बरं, पण पूर्वी कधीतरी कुठल्यातरी कन्सल्टंटनं परफॉर्मन्सच्या नावाखाली तिथं आयपी लिहून ठेवलेला असतो आणि मग क्लस्टर उठला तरी इन्स्टन्स उठत नाही. तसंच लोकल लिसनर, तिथं हातानं आयपी टाकला असेल तर तो पण.

हे झालं की दोन्ही नोडवर सीआरएससीटीएल स्टॉप सीआरएस आणि लगेच डिसेबल सीआरएस, म्हणजे मशीन नव्या जागी चालू केल्याबरोबर क्लस्टर स्वतःहून उठायला जाणार नाही. आता गाडी काढा. तिकडं गेल्यावर ओएसमध्ये आयपी, गेटवे, होस्ट्स फाइल, रिझॉल्व्ह कॉन्फ, एनटीपी, सगळं बदला. दोन्ही नोड एकमेकांना प्रायव्हेटवर पिंग करतायत का बघा, आणि जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) वापरत असाल तर साध्या पिंगवर समाधान मानू नका, ८९७२ बाइटचा पिंग पॅकेट तुटू न देता मारा. नव्या स्विचवर एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) ९००० केलेला नसला की छोटे पिंग मस्त जातात आणि मोठे ब्लॉक अडकतात, आणि तुम्ही दोष डेटाबेसला देत बसता.

मग इनेबल, मग स्टार्ट. क्लस्टर उठेल, पण व्हीआयपी आणि स्कॅन ऑफलाइन दिसतील कारण ते अजून जुन्याच पत्त्यावर आहेत, त्याला घाबरू नका. रूटनं एसआरव्हीसीटीएल मॉडिफाय नोडअ‍ॅप्सनं प्रत्येक नोडचा नवा व्हीआयपी, मास्क आणि कार्ड द्या. स्कॅनला आयपी देत नाहीत, डीएनएस आधी बदलून घ्यायचा आणि मग एसआरव्हीसीटीएल मॉडिफाय स्कॅनला तेच जुनं नाव परत द्यायचं, तो डीएनएसला विचारून नवे तीन पत्ते उचलतो. सगळं ऑनलाइन दिसलं, दोन्ही नोड एकेकदा रीस्टार्ट करून पण नीट आले, की मगच जुना प्रायव्हेट सबनेट डिलीट करा. त्या शेवटच्या डिलीटची अजिबात घाई नको.

वेळ विचाराल तर मंडळाकडून अख्खी रात्र मागून घ्या, शनिवारची, म्हणजे रविवार हाताशी राहतो. आणि डेटाबेसशी थेट संबंध नसला तरी एटीएम स्विचवाल्यांच्या बाजूला तुमच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा आयपी व्हाइटलिस्ट असणार, त्यांना आधीच पत्र टाका, त्यांची मंजुरी एका रात्रीत येत नसते.

प्रश्न: दादा अर्जंट आहे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे मी, आयटीला एकटाच. प्रायव्हेटचा सबनेट ऑफिसच्या वायफायशी भांडत होता म्हणून दोन्ही नोडवर ओएसमध्ये बदलला आणि रीबूट मारलं. आता सीआरएससीटीएल चेक सीआरएस केलं की हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी सर्व्हिसेस ऑनलाइन म्हणतो आणि खाली ४५३५ आणि ४५३० चे एरर. साहेब म्हणतात बॅकअपवरून सगळं परत टाक. टाकू का?

उत्तर: थांब भावा, काहीही परत टाकू नकोस, तुझा डेटा जागेवर आहे. त्या दोन एररचा अर्थ एवढाच की खालचा थर उठलाय आणि सीएसएस उठलेला नाही, तो कार्डावर जुना सबनेट शोधतोय. वर शाहूपुरीवाल्यांना जे करू नका म्हटलं तेच तुझ्याकडं झालंय.

उपाय सोपा आहे. दोन्ही नोडवर प्रायव्हेट कार्डाला जुनेच आयपी परत दे, क्लस्टर बंद करून परत चालू कर, उठेल. प्रायव्हेट नेटवर्क फक्त या दोन मशीनच्या मधलं असतं, त्याला राउटर लागत नाही, त्यामुळं नवीन स्विचवर सुद्धा जुने आयपी बिनधास्त चालतात, वायरिंग उलटं करायची गरज नाही. एकदा क्लस्टर उठला की मग वरच्या उत्तरातल्या क्रमानं जा, नवा सबनेट सेटइफनं घाल, क्लस्टर बंद कर, ओएसमध्ये बदल, परत उठव, शेवटी जुना काढ. आणि इंटरनेटवर जीपीएनपी टूलनं प्रोफाइल हातानं एडिट करायचे लेख सापडतील, ते आत्ता वाचू नकोस, ती फाइल सही केलेली असते आणि ते काम ऑरॅकल सपोर्टच्या माणसाला लाइनवर घेऊनच करायचं.

पब्लिकमध्ये चूक झाली तर क्लस्टर निदान उठतो, व्हीआयपी पडतात, लोक ओरडतात, पण आपण आत जाऊन कमांड मारू शकतो. प्रायव्हेटमध्ये चूक झाली की काहीच उठत नाही. तेव्हा पुढच्या वेळी हात जपून तिथंच. आणि वायफायशी भांडत होता म्हणजे दोन्ही एकाच व्हीलॅनवर होते की काय? तसं असेल तर आयपी बदलून रोग गेलेला नाही, प्रायव्हेट वेगळं कर. लिनक्सवर तीस सेकंद हार्टबीट (नोड जिवंत असल्याचा सिग्नल) मिळाला नाही की क्लस्टर एका नोडला बाहेर काढतो, आणि वायफायवर कुणी मोठी फाइल ओढायला लागला म्हणून तुझा नोड रीबूट झाला तर साहेबांना काय सांगणार.

प्रश्न: आयपी बदलल्यावर सगळं चालू झालं पण इंटरकनेक्टवर आम्ही दिलेला पत्ता न दिसता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतोय. डीएचसीपी फेल झाल्यावर विंडोज असलाच पत्ता घेतं ना? आम्ही तर स्टॅटिक दिलाय. (इचलकरंजी)

उत्तर: काही बिघडलेलं नाही. ११.२.०.२ पासून क्लस्टर स्वतःच प्रायव्हेट कार्डावर १६९.२५४ चे पत्ते चढवतो, त्याला एचएआयपी म्हणतात. प्रायव्हेटला एकापेक्षा जास्त कार्डं असली तर ट्रॅफिक वाटून घ्यायला आणि एक मेलं तर दुसऱ्यावर जायला ते आहे. तुम्ही दिलेला पत्ता कार्डावर आहेच, बघा नीट, हा त्याच्या वरचा जादाचा आहे. डेटाबेसमध्ये जीव्ही डॉलर क्लस्टर इंटरकनेक्ट्स या व्ह्यूमध्ये पण हाच दिसणार. फक्त एक करा, लिनक्सच्या नेटवर्क फाइलमध्ये नोझीरोकॉन्फ येस आहे का तपासा, नाहीतर ओएस स्वतःच १६९.२५४ चा रूट भलत्या कार्डावर टाकतं. आणि नव्या स्विचवर मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवलेली पॅकेटं) बंद केलेलं नाही ना ते पण विचारून घ्या, याच व्हर्जनपासून इंटरकनेक्टला ते लागायला लागलं.

प्रश्न: मी कागल तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपीला (कॉम्प्युटर विभागात) आहे. डेटाबेसचा पब्लिक सबनेट बदलायचाय, ऑडिटमध्ये मुद्दा आलाय. अडचण अशी की वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्यात व्हीआयपीचा आकडाच घुसवलेला आहे, बनवणारा माणूस आता फोन उचलत नाही. गट ऑफिसचे पण काही पीसी तसलेच. नेटवर्कवाला म्हणतो मॅडम फायरवॉलवर जुन्या स्कॅनचे पत्ते नव्यावर वळवतो, कुणाला काही करायला नको. चालेल का? आणि गाळप चालू असताना करता येईल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ताई, गाळपात नको. काट्यावर ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत असते आणि काटा दहा मिनिटं थांबला तरी तुमच्या केबिनमध्ये शेती अधिकारी, त्यांच्या मागं चेअरमनचा फोन. ऑडिटरला लेखी द्या की हंगाम संपल्यावर करतो, तारीख द्या, बहुतेक ऑडिटर तारखेवर समाधानी असतात.

आता फायरवॉलवरून वळवण्याचं. नेटवर्कवाल्याची कल्पना वेबसाइटला चालली असती, इथं अर्धवट चालेल आणि अर्धवट चालणारं जास्त वाईट. स्कॅनचा लिसनर स्वतः तुमचं कनेक्शन घेऊन बसत नाही. तो दवाखान्यातल्या काउंटरवरच्या माणसासारखा आहे, कुठल्या डॉक्टरकडं गर्दी कमी ते बघून तुम्हाला खोली नंबर सांगतो आणि पुढं तुम्हीच चालत जायचं. म्हणजे क्लायंट आधी स्कॅनवर येतो, तिथून त्याला एका नोडच्या व्हीआयपीचा पत्ता मिळतो आणि मग तो थेट त्या व्हीआयपीवर नवीन कनेक्शन करतो. फायरवॉलवर फक्त स्कॅन वळवला तर पहिली पायरी पार आणि दुसऱ्या पायरीला क्लायंट लटकणार. नाव सापडलं नाही तर १२५४५, रस्ता सापडला नाही तर १२१७० टाइमआउट, आणि ते पण दरवेळी नाही, कधी लागणार कधी नाही, कारण फायरवॉलमध्ये एका नोडचा व्हीआयपी उघडा असतो आणि दुसऱ्याचा राहिलेला असतो. असला फॉल्ट शोधताना माणूस म्हातारा होतो.

तुमच्यासाठी बरा रस्ता म्हणजे दोन्ही नेटवर्क काही दिवस शेजारी शेजारी चालवणं. ११.२ पासून क्लस्टरला दुसरं पब्लिक नेटवर्क जोडता येतं. सर्व्हरला एक जादाचं कार्ड किंवा व्हीलॅन द्या, एसआरव्हीसीटीएल अ‍ॅड नेटवर्कनं दोन नंबरचं नेटवर्क घाला, त्यावर प्रत्येक नोडला एक व्हीआयपी, एक वेगळा लिसनर, आणि डेटाबेसमध्ये लिसनर नेटवर्क्स हे पॅरामीटर भरा म्हणजे जो क्लायंट ज्या नेटवर्कवरून आला त्याला त्याच नेटवर्कचा पत्ता परत मिळतो. दुसऱ्या नेटवर्कवर स्कॅन पाहिजे असेल तर १२सी लागतं. असं केलं की बाकीचे सगळे पीसी सावकाश नव्यावर आणता येतात, रोज एक गट ऑफिस असं केलं तरी चालतंय, आणि काटा शेवटपर्यंत जुन्यावर राहू दे.

काट्याच्या सॉफ्टवेअरचं मात्र कायमचं काहीतरी करा. आकडा प्रोग्रॅममध्येच आहे की बाजूच्या आयएनआय फाइलमध्ये नाहीतर टीएनएसनेम्समध्ये (डेटाबेसचे पत्ते लिहायची ऑरॅकलची फाइल), ते स्वतः बघा, "आत घुसवलाय" असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण फोल्डर न उघडताच सांगतात. आणि बदलताना नवा आकडा लिहू नका, नाव लिहा. व्हीआयपी मुळात असतो कशासाठी, तर नोड मेला की त्याचा व्हीआयपी दुसऱ्या नोडवर जातो आणि क्लायंटला लगेच नकार देतो, म्हणजे क्लायंट टीसीपीच्या टाइमआउटची वाट बघत न बसता पुढच्या पत्त्यावर जातो. तुमच्या काट्याला पुढचा पत्ताच दिलेला नाही. म्हणजे इतके हंगाम तो क्लस्टर असून नसल्यासारखाच चाललाय.

प्रश्न: आयपी बदलतोय तर त्याच दणक्यात नोडची नावं पण बदलून घेऊ का? जुन्या मालकांच्या नावावरून ठेवलीत, आता बरं दिसत नाही. (नाव नको)

उत्तर: नको. नोडचं नाव आयपीसारखं सहज बदलता येत नाही, तो नोड क्लस्टरमधून काढून नवीन नावानं परत जोडायला लागतो. जुन्या मालकांना तिथंच राहू द्या. डीएनएसला दुसरं नाव लावून घ्या आणि ते सगळ्यांना सांगा.

प्रश्न: राजारामपुरीतलं छोटं ऑफिस आहे आमचं, ऑरॅकल परवडत नाही. मारियाडीबी गॅलेराचे तीन नोड आणि एका क्लायंटकडं पोस्टग्रेस पॅट्रोनीवर, त्याचे पण तीन. आमच्यासाठी काहीतरी लिहा की, नेहमी ऑरॅकलच.

उत्तर: टोमणा मान्य. तुमचं काम खरं तर हलकं आहे, कारण एकेक नोड करत जाता येतं आणि अ‍ॅप बंद करायला लागत नाही. अट एकच, जुना आणि नवा सबनेट एकमेकांना दिसले पाहिजेत, मध्ये राउटिंग पाहिजे आणि फायरवॉलमध्ये गॅलेराचे ४५६७, ४५६८, ४४४४ आणि मायएसक्यूएलचा ३३०६ दोन्ही बाजूंनी उघडे पाहिजेत. आधी तिन्ही नोडच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्लस्टर अ‍ॅड्रेसच्या ओळीत जुने आणि नवे सगळे पत्ते लिहून ठेवा, ती ओळ जॉइन होताना वापरतात, एक जरी जिवंत सापडला तरी पुरे. मग एक नोड बंद, ओएसचा आयपी बदला, नोड अ‍ॅड्रेस बदला, चालू, सिंक्ड झालेला बघा, मग पुढचा. फार वेळ बंद ठेवू नका, जीकॅश (अलीकडचे बदल साठवायची जागा) भरून गेली की थोडक्यात भागत नाही, तो अख्खा डेटा परत कॉपी करून घेतो. तिन्ही एकदम बंद करायचीच वेळ आली तर शेवटी बंद झालेला कुठला ते लक्षात ठेवा, त्याच्याच ग्रास्टेट फाइलमध्ये सेफ टू बूटस्ट्रॅप एक असतो, सुरुवात त्याच्यापासून.

अडकायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मायएसक्यूएलच्या युजरला होस्ट चिकटलेला असतो, अ‍ॅप अ‍ॅट १९२.१६८.१ डॉट टक्के असला. अ‍ॅपचा सबनेट बदलला की पासवर्ड बरोबर असून अ‍ॅक्सेस डिनाइड. नव्या सबनेटचे युजर आधीच बनवून ठेवा.

पॅट्रोनीमध्ये पोस्टग्रेसपेक्षा ईटीसीडीकडं (लीडर कोण ते पॅट्रोनी जिथं लिहून ठेवतो तो वेगळा छोटा क्लस्टर) जास्त लक्ष द्या. ईटीसीडीचे मेंबर एकमेकांचे पत्ते स्वतःच्या डेटामध्ये ठेवतात, कॉन्फिगमधली इनिशियल क्लस्टरची ओळ फक्त पहिल्या दिवशी वाचली जाते, त्यामुळं ती बदलून काही होत नाही. आधी ईटीसीडीसीटीएल मेंबर अपडेटनं त्या मेंबरचा नवा पीअर पत्ता सांगायचा, मगच त्याचा आयपी बदलून रीस्टार्ट. तीनपैकी दोन कायम जिवंत पाहिजेत, त्यामुळं एक पूर्ण बरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. नंतर पॅट्रोनीच्या फाइलमध्ये कनेक्ट अ‍ॅड्रेस दोन ठिकाणी असतो, रेस्ट एपीआयचा आणि पोस्टग्रेसचा, दोन्ही बदला, ईटीसीडीचे पत्ते बदला. लीडर शेवटी, आणि त्याच्या आधी स्विचओव्हर करून घ्या. पीजी एचबीएमध्ये (कुणाला आत सोडायचं ती पोस्टग्रेसची फाइल) नवा सबनेट सगळ्यात आधी घाला, रेप्लिकेशनच्या युजरसाठी पण, आणि ती फाइल पॅट्रोनी स्वतः लिहीत असेल तर हातानं केलेला बदल पुसला जातो, त्याच्या कॉन्फिगमधूनच घाला.

प्रश्न: आमच्याकडं डीएनएस नाही, स्कॅन होस्ट्स फाइलमध्ये टाकलाय. आयपी बदलताना तीन टाकू का? (जयसिंगपूर)

उत्तर: तीन ओळी टाकल्या तरी त्याला पहिलीच दिसणार, होस्ट्स फाइल पत्ते फिरवून देत नाही. एकच टाका, चालतंय. पण आता सगळं बदलतच आहात तर एका जुन्या मशीनवर डीएनएसमास्क बसवा की, संध्याकाळचं काम आहे.

प्रश्न: सर, मी डीबीए व्हायच्या तयारीत आहे. क्लासमध्ये आयपी बदलायचं शिकवत नाहीत, इन्स्टॉल झालं की सर्टिफिकेट. घरी करून बघता येईल का?

उत्तर: येईल की. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन, शेअर्ड डिस्क, आणि स्कॅनसाठी तिसरं छोटं मशीन डीएनएसला. १९सी ग्रिडला प्रत्येक नोडला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, म्हणजे लॅपटॉपला ३२ असेल तरच मजा. तेवढी नसेल तर गॅलेराचे तीन नोड दोन दोन जीबीत सुद्धा आरामात फिरतात, सुरुवात तिथून कर. रॅकवर करशील तेव्हा बरोबर क्रमानं करायच्या आधी एकदा मुद्दाम चुकीच्या क्रमानं कर, ओएसमध्ये प्रायव्हेट आधी बदल, रीबूट मार, ४५३५ आणि ४५३० आलेले बघ आणि त्यातून बाहेर ये. स्नॅपशॉट घेऊन ठेव, पण पहिल्या फटक्यात तो वापरू नकोस. इंटरव्ह्यूला कमांड सगळेच पाठ करून येतात, सीएसएस का अडकला हे सांगणारा क्वचित मिळतो.